पुस्तकांचे बजेट विभागवार कसे लावायचे : नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालासाठी

जानेवारी संपता संपता कार्यालयातून एक ओळीचे पत्र येते : 'ग्रंथालयाचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक सादर करावे.' गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवायचे, विभागांच्या संख्येने भागायचे आणि सही करून पाठवायचे, असा सोपा मार्ग आहे आणि पुष्कळ ठिकाणी तोच वापरतात. त्याचा हिशोब मार्चमध्ये समोर येतो. एका विभागाचे पैसे सप्टेंबरातच संपलेले असतात, दुसऱ्याने वर्षभरात एकही यादी दिलेली नसते, आणि मग उरलेली रक्कम 'लॅप्स' होऊ नये म्हणून विक्रेता गाडीत घालून आणेल ती पुस्तके घेतली जातात. ही पुस्तके पुढे दहा वर्षे कपाटात कोरी राहतात.

पुढची पद्धत विद्यापीठाशी संलग्न, कला-वाणिज्य-विज्ञान अशा साध्या अनुदानित महाविद्यालयासाठी आहे. अभियांत्रिकी, विधी किंवा वैद्यकीय महाविद्यालयांत नियामक परिषदांचे स्वतःचे निकष असतात, तिथे आधी ते पाहावेत.

आधी पैसा मोजा, आणि तो कोणाचा आहे तेही पाहा

विभागांत वाटण्याआधी एक पानभर तक्ता करा : पैसा कुठून येतो आणि कशावर खर्च करता येतो. अनुदानित महाविद्यालयाला सरकारकडून येते ते मुख्यतः पगाराचे अनुदान. पुस्तकांचा भार विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या ग्रंथालय शुल्कावर असतो. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनांमधून पुस्तकांसाठी वेगळी रक्कम यायची. बारावी योजना ३१ मार्च २०१७ ला संपली आणि तो आधार गेला. त्यामुळे जुन्या फायलींतले मोठे आकडे पाहून चालू वर्षाचा अंदाज बांधू नका.

तक्त्यात चार रकाने पुरतात. ग्रंथालय शुल्क, विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क (बीबीए, बीसीए यांच्या पैशातून इतिहासाची पुस्तके घेतली की लेखापरीक्षक हमखास शेरा मारतो), संशोधन प्रकल्पातली पुस्तकांची रक्कम, आणि देणगी. ग्रंथालय अनामत यात धरायचीच नाही. ती विद्यार्थ्याला परत करायची रक्कम आहे, उत्पन्न नव्हे. ही चूक नवखे लोकच करतात असे नाही.

शुल्काचा आकडा काढताना मंजूर प्रवेशक्षमता घेऊ नका, गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम घ्या. शुल्कमाफी आणि शिष्यवृत्तीची रक्कम महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्फत येते आणि ती त्याच आर्थिक वर्षात हातात पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून कागदावर चार लाख असले तरी पहिल्या फेरीत एकूण रकमेच्या साठ टक्क्यांपर्यंतच मागणी नोंदवा, उरलेले दुसऱ्या फेरीला.

ग्रंथालयशास्त्र शिकताना कोठारी आयोगाचा (१९६४-६६) विद्यार्थ्यामागे २५ आणि शिक्षकामागे ३०० रुपये हा निकष पाठ केलेला असतो. तो परीक्षेपुरता ठेवा. प्राचार्यांपुढच्या टिपणीत तो घातला, तर उलट तुमचेच बजेट कमी करायला आयते कारण मिळेल.

विभागांच्या आधी सामाईक खर्च

एकूण रकमेतून काही गोष्टी आधीच बाजूला काढाव्या लागतात. नियतकालिके, वर्तमानपत्रे आणि एन-लिस्टसारखी ई-साधनांची वर्गणी हे पुस्तकांपासून वेगळे शीर्ष ठेवा. एन-लिस्ट सगळ्या विभागांसाठी असते, तिची विभागवार फोड करण्यात अर्थ नाही. दिवाळी अंकही नियतकालिकांतच. मराठी विभागाच्या पुस्तकांच्या रकमेतून ते घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मोडून काढा. सगळा स्टाफ वाचतो आणि भुर्दंड एकट्या मराठीला.

बारकोडची लेबले, प्लास्टिक कव्हर, बाइंडिंग, सॉफ्टवेअरची वार्षिक देखभाल यांनाही वेगळे शीर्ष हवे. हे सगळे 'पुस्तके' या नावाखाली गेले, की नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था) ग्रंथालयाच्या निकषात खर्चाचा आकडा आणि दाखल नोंदवहीतल्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद होते ती वही) किमतींची बेरीज जुळत नाही. मग स्वयंमूल्यमापन अहवालाच्या वेळी पाच वर्षांची बिले पुन्हा काढून बसावे लागते.

आता उदाहरण घेऊ. समजा फक्त पुस्तकांसाठी ४,००,००० रुपये आहेत. त्यातले १० टक्के, म्हणजे ४०,००० राखीव. वर्षाच्या मध्ये अभ्यासक्रम बदलला, अचानक नवा प्राध्यापक आला, एखादा महत्त्वाचा ग्रंथ निघाला, यासाठी. २० टक्के, म्हणजे ८०,००० सामाईक : कोश, स्पर्धा परीक्षा, सामान्य वाचन आणि कोणत्याच विभागाचे नसलेले पेपर.

हा शेवटचा भाग नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एकदम वाढवला. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला नवी रचना आली आणि तिच्याबरोबर खुले वैकल्पिक विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याचे पेपर आले. भारतीय ज्ञान प्रणाली एका महाविद्यालयात संस्कृतचे शिक्षक शिकवतात, दुसऱ्यात इतिहासाचे, तिसऱ्यात ज्याचा वर्कलोड कमी पडतो तो. यांची पुस्तके विभागाच्या रकमेत ढकलली तर कोणीच मागत नाही, म्हणून ती सामाईकमधून ग्रंथपालाने स्वतः घ्यायची. शिवाय नवी रचना दर वर्षी एक इयत्ता पुढे सरकते. कोणत्या जूनमध्ये कोणत्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलणार हे आधी कळलेले असते. त्या वर्षाच्या जुन्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती त्याआधीच्या मार्चमध्ये अजिबात घेऊ नका.

सूत्र : तीन घटक, एक पायाभूत रक्कम

उरले २,८०,०००. सोय म्हणून पाचच विभाग धरू : मराठी, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य, संगणकशास्त्र.

प्रत्येकाला आधी सारखी पायाभूत रक्कम द्या, इथे १६,००० प्रमाणे ८०,०००. ही नसेल तर वीस विद्यार्थ्यांचा छोटा विभाग सूत्रात चिरडला जातो. राहिलेले २,००,००० तीन घटकांवर वाटायचे.

पहिला घटक विद्यार्थी-पेपर. नुसती विद्यार्थिसंख्या घेऊ नका; प्रत्येक पेपरला बसणारे विद्यार्थी मोजून सगळ्या पेपरांची बेरीज करा. वाणिज्यचा विद्यार्थी अर्थशास्त्राचा पेपर घेतो तेव्हा तो भार अर्थशास्त्राकडे जातो, आणि तो तसाच मोजला गेला पाहिजे. ही संख्या परीक्षा विभागाकडे तयार असते. दुसरा घटक पुस्तकाची सरासरी किंमत, गेल्या वर्षीच्या बिलांवरून, कमिशन (विक्रेता देतो ती सूट) वजा करून. तिसरा घटक देवघेव, म्हणजे त्या विषयाची किती पुस्तके घरी गेली.

आपल्या उदाहरणात विद्यार्थी-पेपर धरू : मराठी ४००, अर्थशास्त्र ५००, रसायनशास्त्र ६००, वाणिज्य २,०००, संगणकशास्त्र ५००; एकूण ४,०००. सरासरी किंमत त्याच क्रमाने २५०, ४००, ८००, ३५०, ७००, बेरीज २,५००. देवघेव ३,०००, १,५००, १,०००, ३,५००, १,०००, एकूण १०,०००. प्रत्येक विभागाचा प्रत्येक घटकातला टक्का काढा आणि विद्यार्थी-पेपरला ५०, किमतीला ३०, देवघेवीला २० असे वजन द्या.

मराठीचे गणित पूर्ण करून पाहा. विद्यार्थी-पेपरमध्ये तिचा वाटा १० टक्के, किमतीत १०, देवघेवीत ३०. वजन लावले की ५ अधिक ३ अधिक ६, म्हणजे १४ टक्के. दोन लाखांचे १४ टक्के २८,०००, त्यात पायाभूत १६,००० मिळवून ४४,०००. याच रीतीने अर्थशास्त्राला १४.०५ टक्के म्हणजे एकूण ४४,१००, रसायनशास्त्राला १९.१ टक्के म्हणजे ५४,२००, वाणिज्यला ३६.२ टक्के म्हणजे ८८,४०० आणि संगणकशास्त्राला १६.६५ टक्के म्हणजे ४९,३००. बेरीज २,८०,००० आली पाहिजे. नाही आली तर एक्सेलमध्ये कुठेतरी रांग सुटली आहे.

बैठकीत कोणीतरी म्हणणारच, 'सरळ विद्यार्थिसंख्येवर का नाही?' उत्तर तयार ठेवा. सगळे २,८०,००० विद्यार्थी-पेपरवर वाटले तर वाणिज्यला १,४०,००० जातात आणि रसायनशास्त्राला ४२,०००. आठशेच्या सरासरीने ती बावन्न पुस्तके झाली, आणि वाणिज्यची चारशे. समान वाटप केले तर प्रत्येकाला ५६,०००. मग मराठीची २२४ आणि रसायनशास्त्राची सत्तर. सूत्राने मराठीची १७६, रसायनशास्त्राची ६७ आणि वाणिज्यची २५२ येतात. आदर्श वाटप असे काही नसते, पण या आकड्यांचे समर्थन करता येते.

देवघेवीचे वजन २० टक्क्यांपेक्षा वर नेऊ नका. ज्या विभागाची पुस्तके जुनी, त्याची देवघेव कमी; देवघेव कमी म्हणून पैसे कमी; पैसे कमी म्हणून पुस्तके आणखी जुनी. या फेऱ्यात अडकलेला विभाग बाहेर येत नाही. शिवाय विज्ञानाची बरीच पुस्तके विभागीय ग्रंथालयात, प्रयोगशाळेच्या कपाटात असतात आणि तिथली देवघेव कुठेच नोंदलेली नसते. संदर्भ ग्रंथ तर घरी जातच नाहीत.

सूत्र पहिल्यांदा लावताना एक मर्यादा घाला : कोणत्याही विभागाची रक्कम गेल्या वर्षापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली जाणार नाही. काही वर्षांत ती आपोआप सूत्राशी जुळते आणि विभागप्रमुखांशी भांडणही होत नाही.

हा तक्ता ग्रंथालय समितीपुढे ठेवा. प्राचार्य अध्यक्ष आणि ग्रंथपाल सचिव अशी तिची नेहमीची रचना असते. इतिवृत्तात नुसते 'अंदाजपत्रकास मान्यता' लिहू नका. वजने, पायाभूत रक्कम आणि शिफारशींची अंतिम तारीख स्पष्ट लिहा. पुढे महाविद्यालयाचे एकत्रित अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीकडे जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ खालची ती समिती. तिच्या मंजुरीआधी मागणीपत्र काढू नका.

शिफारस पत्र

विभागाकडून येणारी यादी बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरचा फोटो असते, किंवा विक्रेत्याच्या कॅटलॉगवर मारलेल्या खुणा. दोन्ही परत करा. शिफारस पत्रात लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन, छापील किंमत, प्रती, कोणत्या पेपरसाठी आणि शिक्षकाची सही हे रकाने असावेत. 'कोणत्या पेपरसाठी' हा रकाना सर्वांत उपयोगाचा. तो भरता आला नाही तर ते पुस्तक शिक्षकाला स्वतःला हवे आहे असे समजा. तसे मागण्यात गैर नाही, पण ती अग्रक्रम 'ब'ची गोष्ट.

मंजूर रकमेच्या सव्वापट शिफारशी मागा, 'अ' आणि 'ब' असा क्रम लावून. रसायनशास्त्राचे ५४,२०० असतील तर यादी साधारण ६८,००० ची हवी. प्रत्येक यादीतली काही पुस्तके छपाईत नसतात. त्यांच्या जागी लगेच 'ब'मधली मागवता येतात.

मग तपासणी. ग्रंथालयात आधीच असलेली पुस्तके काढा. शीर्षकाने शोधू नका, आयएसबीएनने आणि लेखकाने शोधा, कारण मराठी शीर्षके सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोनदा भरलेली असतात. क्रमिक पुस्तकाच्या पाचपेक्षा जास्त प्रती विभागाच्या रकमेतून घेऊ नका. वाणिज्यला हे जड जाते, पण त्यासाठी पुस्तकपेढी वेगळी असावी. गाईड तर मुळीच नाही.

विकत घेण्याआधी फुकट काय मिळते तेही पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशने संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो.

मागणी, आणि बांधील रकमेची वही

मागवलेल्यातली किती पुस्तके हातात पडतील हे कमिशन कसे ठरवता यावरही अवलंबून असते. तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवताना पुस्तकांची यादी देऊ नका, गट द्या : मराठी पुस्तके, भारतीय प्रकाशनांची इंग्रजी पुस्तके, परदेशी पुस्तके, शासकीय प्रकाशने. प्रत्येक गटावर किती टक्के कमिशन ते लिहून घ्या. सगळ्यांवर एकच टक्का मागितला की विक्रेता तोट्याच्या गटातली पुस्तके 'उपलब्ध नाही' म्हणून कळवतो. मराठीसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात एखादा विक्रेता धरलेला बरा. पस्तीस छोट्या प्रकाशकांची एकेक प्रत गोळा करायचे काम त्याच्याच्याने होते. पुरवठ्याची मुदत मागणीपत्रात घाला : तीस दिवस, नंतर न आलेली पुस्तके रद्द.

आता ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे ती. लेखा विभागाला फक्त झालेला खर्च दिसतो, मागवलेले पण न आलेले दिसत नाही. ते तुमच्याकडेच नोंदलेले हवे. विभागवार एक पान आणि चार रकाने : मंजूर, बांधील, खर्च, मोकळी शिल्लक.

रसायनशास्त्राचे पान असे दिसेल. मंजूर ५४,२००. ऑगस्टात ४६,००० छापील किमतीची मागणी दिली, २० टक्के कमिशन वजा जाता बांधील ३६,८००. महिन्याने २४,३०० चे बिल आले. ५,१०० ची पुस्तके छपाईत नाहीत म्हणून रद्द. ७,४०० ची अजून यायची. म्हणजे खर्च २४,३००, बांधील ७,४००, मोकळी शिल्लक २२,५००. लेखापालाला विचाराल तर तो सांगेल २९,९००. त्याचे चुकलेले नाही, पण त्या आकड्यावर विसंबून दुसरी मागणी दिली तर मार्चमध्ये ७,४०० कमी पडतात. आणि ५,१०० ची रद्द नोंद करायला विसरलात तर ते पैसे वर्षभर कोणालाच दिसत नाहीत. रक्कम खर्ची पडत नाही याचे नेहमीचे कारण हेच.

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर बजेटखाली प्रत्येक विभागाचा फंड उघडा; मागणी नोंदली की रक्कम आपोआप बांधील होते आणि ठराविक टक्क्यांवर इशारा लावता येतो. फंडाचे कोड दर वर्षी तेच ठेवा. वर्ष बंद करताना न आलेल्या मागण्या नव्या बजेटात नेण्यासाठी दोन्हींची रचना जुळावी लागते. सॉफ्टवेअर नसले तरी एक जाड वही पुरते.

बिल पास करण्यापूर्वी

पुस्तकांचा गठ्ठा सोडताना पाच गोष्टी : आवृत्ती मागितली तीच आहे का, किमतीवर स्टिकर चिकटवलेला आहे का (असेल तर प्रकाशकाचे मूल्यपत्रक मागा), पाने कोरी किंवा उलटी आहेत का, परदेशी पुस्तकाला चलनाचा कोणता दर लावला आणि त्याचा बँकेचा पुरावा जोडला आहे का, जीएसटी लावला आहे का. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात 'हाताळणी' किंवा 'पॅकिंग' अशा नावाने काही घातले असेल तर कापा.

दाखल नोंदवहीत नोंद आधी, बिल नंतर. बिलाच्या मागे 'वरील पुस्तके तपासून घेतली, दाखल नोंदवहीत क्र. __ ते __ अशी नोंद केली' असे लिहून सही, आणि विभागाचे नाव. विभागाचे नाव राहिले तर पुढच्या वर्षीची सरासरी किंमत काढता येत नाही. एका बिलात दोन विभागांची पुस्तके असतील तर विक्रेत्याकडून दोन बिले करून घ्या.

वर्षभराचे वेळापत्रक

आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, महाविद्यालय जूनमध्ये. एप्रिल-मे सुट्टीत आणि परीक्षांत जातात, त्यामुळे शिफारशी मार्च संपण्याआधीच हातात असाव्यात. पहिली मागणी जुलैत, नवीन अभ्यासक्रमाची पुस्तके सगळ्यांत आधी. ३० सप्टेंबरपर्यंत निम्मी रक्कम बांधील झाली पाहिजे. दुसरी फेरी दिवाळीनंतर.

१५ डिसेंबर ही महत्त्वाची तारीख. त्या दिवशी ज्या विभागाची मोकळी शिल्लक मंजूर रकमेच्या निम्म्याहून जास्त असेल, त्याला पंधरा दिवसांची लेखी सूचना द्या. यादी आली नाही तर रक्कम सामाईक खात्यात आणि तिथून प्रतीक्षेत असलेल्या 'ब' यादीला. ही तरतूद समितीच्या ठरावात वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेली हवी. डिसेंबरात नवीन नियम काढला तर तो विभागप्रमुखाला स्वतःवरचा ठपका वाटतो. तीन वर्षे सतत पैसे परत येत असतील तर त्या विभागात जाऊन बसा. बहुतेकदा शिक्षकांना मराठी माध्यमाची पुस्तके हवी असतात आणि त्यांच्यापर्यंत इंग्रजी कॅटलॉगच पोहोचत असतात.

१५ फेब्रुवारीनंतर नवीन मागणी नाही, १० मार्चनंतर बिल नाही. ३१ मार्चच्या तारखेचे बिल आणि एप्रिलच्या तारखेची दाखल नोंद हे लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. पुस्तके येण्याआधी पैसे देऊन वर्ष बंद करणे तर त्याहून वाईट. उरलेली पुस्तके मिळवायला मग तुम्हालाच विक्रेत्याच्या मागे फिरावे लागते.

मार्चअखेर प्रत्येक विभागाच्या पानाखाली चार आकडे लिहा : मंजूर, खर्च, घेतलेली पुस्तके, सरासरी किंमत. न आलेल्या मागण्यांपैकी ज्या नव्या बजेटात न्यायच्या नाहीत त्या विक्रेत्याला लेखी कळवून रद्द करा. नाही केल्या तर जूनमध्ये तो गठ्ठा दारात येतो, बिलावर तारीख नवीन, आणि पैसे नव्या वर्षाच्या रकमेतून जातात.